दर्याकडे पाठ करून बसणारी चांगुणाबाय

वर्तमानपत्रात ‘इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून मच्छीमार समुद्रात गेले’ असं वाक्य आलं की माझं डोकं फिरतं. घरातली माणसं आता त्याला सरावली आहेत. सून चहाचा कप पुढे सरकवते आणि नातू म्हणतो, आजोबांची बोट बुडाली. हसू देत बापडे. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं ते एका सरकारी अहवालात, आणि त्या एका वाक्यात वेसाव्याच्या पाच माणसांचा निकाल लावलेला होता. इशारा द्यायचं काम त्या वेळी माझ्याकडे होतं आणि मी तो दिला नव्हता. ज्या बाईनं दिला होता तिचं नाव चांगुणाबाय. त्या अहवालात तिचा उल्लेख ‘एक वृद्ध मासेविक्री करणारी स्त्री’ असा आहे. ती वृद्ध नव्हती. पन्नाशीची होती, आणि दोन्ही हातांत दोन भरलेल्या पाट्या घेऊन भरतीच्या चिखलातून चालायची.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी अंधेरीला राहत होतो आणि हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कचेरीत नुकताच चिकटलो होतो. कचेरी शहरात, पण वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, किनाऱ्यावर तिचं एक ठाणं होतं. ठाणं कसलं, लाकडी खोपटं, आणि त्याच्यापुढे वादळाच्या इशाऱ्याचा बावटा चढवायची उंच काठी. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला समुद्र बघायचा, छापील फॉर्म भरायचा आणि पोस्टातल्या फोनवरून तो कचेरीला वाचून दाखवायचा. कचेरीनं हुकूम दिला की बावटा चढवायचा. हुकमाशिवाय काठीला हात लावायचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी तीनदा बजावलं होतं. अंधेरीहून सायकलनं निघालं की भातखाचरं, मग मिठागरं, मग ताडाची झाडं, आणि मग वारा नाकात बोंबील घेऊन यायचा.

खोपट्याच्या डाव्या हाताला काळ्या खडकाची एक लांब सोंड समुद्रात शिरलेली होती. गावात तिला खडप म्हणत. बाहेरून येणारी लाट खडपाच्या टोकावर फुटायला लागे आणि तिथून खाडीच्या तोंडापर्यंत फुटत फुटत येई. ही फुटण्याची ओळ बघून फॉर्ममधल्या ‘लहान’, ‘मध्यम’ किंवा ‘मोठ्या’ या तीनपैकी एका शब्दावर मी खूण करत असे. समुद्राबद्दल सरकारला एवढंच जाणून घ्यायचं होतं.

खडपाच्या मुळाशी बोंबील वाळवायच्या वलांड्या होत्या. वलांडी म्हणजे बांबू उभे पुरून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेला सांगाडा. दोन ओले बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. पहिल्या दिवशी मी माझी सायकल अशाच एका वलांडीला टेकवली आणि नाकाला रुमाल लावला. मागून आवाज आला, की सायकल काढ, नाहीतर ती पण वाळत घालीन. वळून बघितलं तर गुडघ्याच्या वर लुगडं खोचलेली एक बाई माझ्याकडे न बघता भराभर जोड्या टाकत होती. मी सायकल काढली. मग तिनं विचारलं, घरी म्हावरं खाता की नाही. खातो म्हटल्यावर तिचा हात थांबला.

“घरान खातंस आनि हितं नाक धरतंस? मग घरानपन धर की.”

रुमाल मी खिशात घातला, तो वेसाव्यात पुन्हा काढला नाही.

मी पेन्सिलीनं लिहितो म्हणून ती मला मास्तर म्हणायची. अरे-तुरे सगळ्यांनाच करायची. पोस्टमास्तर, दुधवाला भय्या, चर्चचा पाद्री, तिचा स्वतःचा, होडीवर तांडेल म्हणजे म्होरक्या असलेला मुलगा दामू, सगळे एकाच तागडीत. रागावणं हा तिचा श्वास होता. सकाळी आठला मी पोहोचायच्या आत तिचं दोन-तीन जणांशी झालेलं असे. अंधेरीच्या चाळींमधून ती सुके बोंबील विकायला येई, तिथली तिची भांडणं तर मी स्वतः ऐकली आहेत. आमच्या शेजारच्या जिन्यातल्या एका बाईंनी तिला एकदा विचारलं, की फार वास नसलेले बोंबील आहेत का. चांगुणाबाय म्हणाली, आहेत, त्यांना दुधी म्हणतात, भाजीवाल्याकडे मिळतील. पाटी डोक्यावर घेऊन ती निघून गेली आणि तीन महिने त्या जिन्यात तिनं पाऊल टाकलं नाही. शेवटी त्या बाईंचे यजमान स्वतः वेसाव्याला येऊन बोंबील घेऊन गेले. तिनं त्यांना दिलेही, पण आधी वास घ्यायला लावला.

या बाईची एक सवय मला पहिल्यापासून चमत्कारिक वाटायची. ती समुद्राकडे कायम पाठ करून बसे. मी एकदा विचारलं. ती म्हणाली, दर्याकडे तोंड केलं तर कावळे म्हावरं पळवतील, तिकडे कोण बघणार? आणि दर्या काही बघायची वस्तू नाही, तो ऐकायचा असतो. त्यावर मी हसलो असेन, कारण तिनं मला खाली बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं. मागे लाट खडपाच्या टोकावर फुटली. तिचे हात चालू झाले. एक जोडी, दोन जोड्या, आणि तिसरी दोरीवर पडायच्या बेताला पुढची लाट फुटली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. दहा-बारा लाटा झाल्या तरी तिसरी जोडी काही चुकली नाही. दोन लाटांमध्ये तीन जोड्या म्हणजे दर्या घरी आहे, असं ती म्हणाली. चार झाल्या की कुठंतरी लांब त्याला कोणीतरी डिवचलंय. पाच झाल्या की होड्या वर ओढायच्या. इथं वारा नसेना का, आभाळ निळंशार असेना का. लाट लांबून आली की सावकाश येते, तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं, आणि सासूला तिच्या सासूनं.

मी लगेच घड्याळ काढलं. कचेरीनं दिलेलं होतं, त्याचा मला फार अभिमान. सेकंद मोजले आणि तिचं बरोबर आहे असं मोठ्या मनानं सांगितलं. ती इतकी भडकली की बाजूच्या बायका काम सोडून बघायला लागल्या.

“माझा बरोबर हाय ता तुझा घड्याल सांगनार? त्याला चावी नाय दिली तं तो थांबतो. दर्याला कोन चावी देतो रे?”

त्यानंतर मी रोज सकाळी तिच्यापाशी पाच मिनिटं बसायला लागलो. दोन-तीन वेळा असं झालं की तिच्या चार जोड्या झाल्या, आणि दोन दिवसांनी वारा उठला. हे आपण कचेरीला कळवलं पाहिजे असं मला वाटलं. फॉर्मात त्याला जागा नव्हती, पण खाली ‘शेरा’ म्हणून एक ओळ रिकामी असे. तिथं मी लिहिलं, की खडपावर फुटणाऱ्या लाटांमधलं अंतर वाढलं आहे, आणि येथील जाणत्या मच्छीमार स्त्रीच्या मते हे दूरच्या वादळाचं लक्षण आहे. फोनवर वाचून दाखवलं तेव्हा पलीकडे हशा ऐकू आला. टपालानं पाठवलेला फॉर्म आठ दिवसांनी परत आला. माझी ओळ लाल शाईनं खोडली होती आणि बाजूला साहेबांनी लिहिलं होतं, ‘ऐकीव माहिती लिहू नये.’

साहेबांचं नाव इथं देत नाही. ते हयात नाहीत, आणि असते तरी त्यांना काही आठवलं नसतं. लाल शाई वापरणाऱ्याला खोडलेलं आठवत नाही, ज्याचं खोडलं जातं त्यालाच आठवतं. मी तेव्हा नोकरीत कायम झालो नव्हतो. शेऱ्याची ओळ त्या दिवसापासून रिकामी राहिली.

आता जे सांगायचं आहे ते सांगण्याआधी गावाची एक चूक सांगितली पाहिजे, कारण तिला आम्हीही तितकेच जबाबदार होतो. ठाणं व्हायच्या आधी वेसाव्याचे तांडेल पहाटे होडी लोटण्यापूर्वी वलांड्यांपाशी थांबत आणि बायकांना विचारत, किती जोड्या. पुरुषांच्या हातात वल्हं असायचं आणि बायकांच्या हातात बोंबील, म्हणून ते मोजणं बायकांकडे आलेलं. पुढे सरकारची काठी उभी राहिली आणि विचारणं बंद पडलं. तरण्या तांडेलांना बावटा बरा वाटला. लांबून दिसतो, त्याला विचारावं लागत नाही आणि तो शिव्या देत नाही. बावटा चढला की जायचं नाही, हे ठीकच होतं. पण बावटा नाही म्हणजे दर्या साफ आहे, असं गाव मानायला लागलं. बावटा नाही याचा अर्थ फक्त एवढाच, की शहरातल्या कोणाला अजून काही कळलेलं नाही. हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मलाही ते ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबर होता. उधाणाचे, म्हणजे अवस-पुनवेच्या मोठ्या भरतीचे दिवस; समुद्रात रोवलेल्या डोलीच्या जाळ्यांत तेव्हा म्हावरं भरभरून मिळायचं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि वाऱ्याचा पत्ता नव्हता. सकाळी मी गेलो तर चांगुणाबाय कोणाशीच भांडत नव्हती. मी बसल्यावर तिनं नुसते हात चालवून दाखवले. लाट फुटली. एक, दोन, तीन, चार जोड्या, आणि मग पुढची लाट. संध्याकाळी पाच झाल्या. लाटा उंचीला काही फार नव्हत्या. फॉर्मात मी ‘मध्यम’वर खूण केली, आणि तेही खोटं नव्हतं. ती माझ्यामागून खोपट्यापर्यंत आली आणि म्हणाली, फोनवर सांग. मी म्हटलं, सांगतो. शेऱ्याच्या ओळीवर पेन्सिल टेकवलीसुद्धा. मग लाल शाई आठवली आणि मी पेन्सिल उचलली. फोनवर मी म्हणालो, लाटा मध्यम, वारा नाही, आकाश निरभ्र, शेरा काही नाही.

रात्रभरात तिनं घरोघर जाऊन सांगितलं, हे मला नंतर कळलं. तांडेल एकच विचारत होते, बावटा आहे का? पहाटे अकरा होड्या निघाल्या. बारावी दामूची. ती निघाली नाही, कारण तिचं सुकाणू सापडेना. ते चांगुणाबायनं काढून घरी नेलं होतं आणि दाराच्या उंबऱ्यात आडवं टाकून त्याच्यावर ती बसली होती. मी आठ वाजता पोहोचलो तेव्हाही ती तिथंच होती. दामू लाल डोळ्यांनी समोर उभा. जाताना बाकीचे खलाशी त्याला ‘आयेच्या पदराखालचा तांडेल’ म्हणून गेले होते. तिशीचा, दोन मुलांचा बाप तो. माझ्याकडे वळून म्हणाला, “मास्तर, बावटा नाय ना? मग हिला सांग ना.” मी फॉर्म भरायला खोपट्याकडे निघालो.

वादळ दुपारी तीनच्या सुमाराला आलं. त्याचं वर्णन मी करणार नाही, ते करायला अंगात जोर नाही. नऊ होड्या कशाबशा खाडीत शिरल्या. दोन होड्या खडपाच्या टोकाशी, गावाच्या डोळ्यांदेखत उलटल्या. काही जणांना दामूनं आणि इतरांनी दोर टाकून ओढलं. पाच जण गेले. त्यातला एक चांगुणाबायच्या शेजारच्या गोमीबायचा नवरा. कचेरीचा बावटा चढवायचा हुकूम पोस्टात पोहोचला तेव्हा साडेचार झाले होते. मी तो चढवला, कारण हुकूम होता. किनाऱ्यावर तेव्हा सगळं गाव होतं, आणि ते बावट्याकडे बघत होतं. त्या नजरा मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी गोमीबाय चांगुणाबायच्या दारात आली आणि फार हळू आवाजात म्हणाली, “तुना ठावूक व्हता. तू तुझा तेवढा राखलास.” चांगुणाबाय आदल्या रात्री गोमीच्या दारात दोनदा जाऊन आली होती. पहिल्यांदा सांगायला, दुसऱ्यांदा भांडायला. गोमीच्याच नवऱ्यानं तिला हसून परत पाठवलं होतं. हे सगळं तिला बोलता आलं असतं. आयुष्यात कोणाचं ऐकून न घेतलेली बाई, तिनं त्या दिवशी ऐकून घेतलं.

तीन आठवड्यांनी चौकशी आली. शाळेच्या पडवीत टेबल मांडलं, शहरातून दोन साहेब आले आणि एक कारकून. तांडेलांना बोलावलं होतं. चांगुणाबायला कोणी बोलावलं नव्हतं, ती आपण होऊन आली आणि ओल्या बोंबलांची पाटी तिनं साहेबांच्या टेबलावर ठेवली. कागद भिजले. मोठ्या साहेबांनी खुर्ची मागे घेतली. ती सांगायला लागली, की जोड्या कशा टाकतात, तीन कधी आणि पाच कधी. साहेब इंग्रजीत दुसऱ्या साहेबांशी काही बोलले आणि हसले. मग त्यांनी विचारलं, मोजण्याचं साधन कोणतं? तिनं दोन्ही हात पुढे केले. ते म्हणाले, करून दाखवा. ती म्हणाली, खडपावर चल, तिथं दाखवते. साहेबांनी पायातल्या बुटांकडे बघितलं आणि इथंच दाखवा म्हणाले. “हितं?” ती म्हणाली. “हितं दर्या कुठं हाय? लाट काय मी तुझे टेबलावर आनू?” पडवीतले लोक हसले, आणि ते हसू तिला लागलं. ती माझ्याकडे वळली.

“मास्तर, तू सांग. मी तुना आदले दिवशी सांगितला व्हता का नाय?”

सगळे माझ्याकडे बघत होते. साहेबही. मी म्हणालो, “हो, त्या काहीतरी म्हणाल्या होत्या.”

काहीतरी. मला त्या शब्दाची आज इतक्या वर्षांनी इतकी चीड येते की तो लिहितानासुद्धा हात थांबला. तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं, पाटी उचलली आणि गेली. कारकुनानं ओला झालेला कागद फाडून नवा घेतला.

अहवाल दोन महिन्यांनी आला. खोपट्यात लावायला म्हणून त्याची प्रत माझ्याकडे पाठवली होती. मला वाटलं होतं तिच्या बोलण्याला त्यात जागाच नसेल. जागा होती. अहवालात म्हटलं होतं, की चौकशीत एका वृद्ध मासेविक्री करणाऱ्या स्त्रीच्या साक्षीवरून असं निष्पन्न होतं, की वादळाची स्थानिक लक्षणं गावकऱ्यांना आदल्या दिवशीच माहीत होती. सबब, इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून मच्छीमार समुद्रात गेले, आणि कचेरीकडे कोणताही दोष जात नाही.

ती प्रत मी तिच्याकडे घेऊन गेलो. तिला वाचता येत नव्हतं आणि गावात कोणीतरी तिला ते वाचून दाखवणारच होतं, ते मी असावं असं वाटलं. वलांडीपाशी उभा राहून मी वाचलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली:

“म्हंजी मी सांगितला ता कागदावर लिवाचा तवा खोटा, आनि मानसा मेल्यावर खरा?”

सरकारी खात्यांवर, चौकश्यांवर, अहवालांवर पुष्कळ माणसं पुष्कळ बोलली आहेत. इतक्या थोड्या शब्दांत इतकं कोणी बोललेलं मी ऐकलं नाही. मला तिनं पुढे फक्त एवढंच विचारलं, की तुझ्या कागदात एका ओळीची जागा नव्हती का? होती, मी म्हणालो. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. ओरडलीसुद्धा नाही. बाकी गावाशी तिची भांडणं पूर्वीसारखी सुरू झाली होती, मला मात्र त्यातून वगळलं होतं. त्या वर्षी मी नोकरीत कायम झालो.

पुढच्या वर्षी पुन्हा बोंबलाचे दिवस आले. वलांड्या भरल्या. पुन्हा उधाण, पुन्हा निळं आभाळ. एका सकाळी मी खोपट्याच्या दारात फॉर्म भरत होतो आणि ‘मध्यम’वर खूण करताना लक्षात आलं की आपण बराच वेळ पुढच्या लाटेची वाट बघतोय. घड्याळ काढलं, परत ठेवलं. खडपाच्या मुळाशी चालत गेलो. ती जोड्या टाकत होती. मी तिच्या शेजारी खाली बसलो आणि विचारलं, “बाय, किती?”

लाट फुटली, तिचे हात चालले, पुढची लाट फुटली. मग आणखी एकदा. तिच्या हातांकडे मी बघत होतो, त्यामुळे मला मोजता आलंच होतं. तरी तिनं तोंडानं सांगावं अशी माझी इच्छा होती. शेवटी ती म्हणाली, “पाच. जा, तुझे कागदावर मध्यम लिव.”

मी पोस्टात गेलो नाही. फोन केला असता तर नको म्हणाले असते, आणि नको म्हटल्यावर माझ्या हातून काही झालं नसतं, एवढं मी स्वतःला ओळखत होतो. मी काठीशी गेलो, दोर सोडला आणि बावटा चढवला. भरतीची वाट बघून होड्या लोटायला निघालेले खलाशी थांबले. होड्या वर ओढल्या गेल्या. चांगुणाबाय वलांडी सोडून खोपट्यापर्यंत आली. वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “हुकूम आला?” नाही, मी म्हणालो. ती तशीच परत गेली आणि जाता जाता वाटेत बसलेल्या एका कुत्र्याला तिनं विनाकारण शिव्या दिल्या.

आणि वादळ आलंच नाही. त्या दिवशी आलं नाही, दुसऱ्या दिवशी आलं नाही. लांब लाटा खडपावर येत राहिल्या, सावकाश, एकामागून एक, पण वाऱ्याची झुळूक नाही आणि आभाळात ढग नाही. वादळ बाहेरच्या बाहेर वर काठेवाडाकडे निघून गेलं होतं, हे मागाहून कळलं. समोर खाडीपलीकडच्या मढ गावच्या होड्या मात्र रोज गेल्या आणि रोज काठोकाठ भरून आल्या. आमच्या किनाऱ्यावरून त्या येताना दिसत. उधाणाचे तीन दिवस वेसावं होड्यांच्या सावलीत बसून दुसऱ्यांचं म्हावरं बघत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी कचेरीचा माणूस आला. बावटा कोणाच्या हुकमानं चढवला, हे मला लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं, कोणाच्याही नाही. त्यानं बावटा उतरवला, खोपट्याची किल्ली घेतली आणि उद्यापासून येऊ नका म्हणाला.

बावटा उतरलेला बघून गाव खोपट्याशी जमलं. हुकूम नव्हता हे बाहेर पडायला वेळ लागला नाही, आणि चांगुणाबायनं मास्तरला नादी लावलं हेही. सगळे तिथून उठून वलांड्यांकडे गेले. चाळीस-पन्नास पुरुष, संतापलेले. ऐन हंगामातले तीन दिवस गेलेली माणसं संतापणार नाहीत तर काय करतील? म्हातारीला वेड लागलंय, हिच्या बोंबलांपायी आमच्या चुली विझल्या, असं जे तोंडाला येईल ते बोलत होते. दामू मान खाली घालून एका होडीला टेकून उभा होता. सगळ्यांत पुढे होता गोमीबायचा नथू, विशी ओलांडलेला, बापाच्या जागी त्याच वर्षी होडीवर जायला लागलेला. शिव्यांत त्याचा आवाज सगळ्यांच्या वर जात होता. मी पुढे होऊन सांगायला गेलो, की बावटा मी चढवला, बोलायचं तर मला बोला. मला कोणी ढकललं आणि मी वाळूत बसलो. माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

मला वाटलं, आता ही बाई एकेकाला फाडून खाणार. तिनं लुगड्याला हात पुसले आणि ती नथूच्या इतकी जवळ गेली की तो एक पाऊल मागे सरला. आवाज तिनं चढवला नाही.

“ओरड रे, आजून ओरड. तुझा बापूस त्या दिवशी घरान ऱ्हायला असता तं त्यानंपन मना अशाच शिव्या दिल्या असत्या. त्या मना पायजे व्हत्या.”

नथूनं तोंड फिरवलं. बाकीचे ओरडतच होते. मी वाळू झटकून उठलो, सायकल घेतली आणि रस्त्याला लागण्याआधी एकदा मागे बघितलं. चांगुणाबाय कमरेवर हात ठेवून त्या घोळक्याच्या मधोमध उभी होती आणि प्रत्येकाला त्याच्या नावानं हाक मारून त्याच्या शिवीला शिवी देत होती. सगळे हजर होते.